गाळणी की उंबरठा? लहान आतड्याच्या अस्तराचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने आतड्याच्या अस्तरावर का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याला प्लेटोचीच साक्ष काढतो. 'टायमेअस' या संवादात आतडी इतकी लांब आणि वेटोळी का, याचं कारण सांगितलं आहे. अन्न शरीरातून झटकन निघून गेलं असतं, तर माणसाला पुन्हा पुन्हा भूक लागली असती, तो कायम खात बसला असता, आणि मग तत्त्वचिंतन कोण करणार? म्हणून म्हणे देवांनी वेटोळी घातली. ऐकून हसू येतं. पण एक लक्षात घ्या, प्लेटोला आतड्यात फक्त लांबी दिसली. नळी दिसली, नळीची भिंत दिसली नाही. आणि आजचा सगळा विषय त्या भिंतीचा आहे.

आपण सहज म्हणतो, अन्न पोटात गेलं, म्हणजे आत गेलं. पण खरंच आत गेलं का? मेदूवड्याचं भोक मेदूवड्याच्या आत आहे का? नाही, वडा त्या भोकाभोवती आहे. तसंच तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक अखंड पोकळी आहे आणि आपण तिच्याभोवती आहोत. गिळलेला घास जठरात असो की आतड्यात, काटेकोर अर्थाने तो अजून शरीराबाहेरच असतो. तो 'मी' कधी होतो? तर आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर आहे, फक्त एका पेशीइतका जाड, तो ओलांडल्यावर. अन्न आणि खाणारा यांच्यामधली सीमा एवढीच.

या सीमेबद्दल माणसांनी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कल्पना केल्या. कुणाला ती गाळणी वाटली, कुणाला आजारात फाटून जाणारं कापड वाटलं. नुसत्या कल्पनाच असत्या तर विषय आपल्या सेमिनारपुरता राहिला असता. पण या कल्पनांवरून डॉक्टर ठरवत होते, की जुलाब होणाऱ्या माणसाला पाणी पाजायचं की नाही. त्यात फार माणसं मेली. म्हणून हा इतिहास सांगायचा.

सुरुवात एका कुत्र्यापासून करू. इसवी सन १६२२, इटली. गास्पारे असेली नावाचे शरीरशास्त्रज्ञ एका जिवंत कुत्र्याचं पोट उघडून मित्रांना नसा आणि श्वासपटलाची हालचाल दाखवत होते. (त्या काळी हे असं चाले. आज ऐकवत नाही, पण घडलं ते सांगायला हवं.) आतडी बाजूला सारताना त्यांना आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. आधी वाटलं, नसाच असतील. एका दोरीला टोचलं तर दुधासारखा द्रव बाहेर आला. नंतर दुसऱ्या कुत्र्यावर बघायला गेले तर काहीच नाही! आता गंमत इथे आहे. असेली यांनी 'पहिल्यांदा भास झाला' असं म्हणून सोडून दिलं नाही. पहिल्या कुत्र्याने नुकतंच पोटभर खाल्लं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. तिसऱ्या कुत्र्याला भरपूर खाऊ घातलं, आणि पांढरं जाळं पुन्हा हजर.

खरं तर अलेक्झांड्रियाच्या परंपरेतल्या एरासिस्ट्रॅटस यांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दूध पिणाऱ्या करडांमध्ये अशा वाहिन्या पाहिल्याचं गॅलेन नोंदवतो. पण त्यांचा अर्थ त्या वेळी लागला नाही. असेली यांनाही पूर्ण लागला नाही. या वाहिन्या यकृताकडे जातात, असं ते मानत, कारण गॅलेनच्या मताप्रमाणे रक्त यकृतात तयार होत असे. पुढे १६५१ मध्ये फ्रान्सच्या झां पेके यांनी दाखवलं, की हा पांढरा रस यकृताकडे न जाता छातीतल्या एका नळीतून वर चढतो आणि मानेजवळच्या मोठ्या शिरेत पडतो. तो पांढरेपणा म्हणजे जेवणातली चरबी. साखर आणि प्रथिनांचे तुकडे मात्र थेट रक्तात शिरून यकृताकडे जातात. म्हणजे गॅलेन निम्मा बरोबर होता.

असेली यांच्या गोष्टीतला धागा पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून सांगून ठेवतो. आतड्याचं काम दिसायला आतडं जिवंत हवं, आणि कामात असायला हवं. मेलेलं आतडं दिशाभूल करतं. साधी लांबी घ्या. शवविच्छेदनात लहान आतडं सहा-सात मीटर भरतं. जिवंतपणी स्नायूंच्या ताणामुळे ते आखडलेलं असतं, तीनेक मीटर. मृत्यूनंतर ते सैल पडतं, लांबतं. आणि त्याचं अस्तर? मृत्यूनंतर काही तासांत ते सुटं होऊन गळू लागतं. हे वाक्य ध्यानात असू द्या.

आता भिंतीजवळ जाऊ. लहान आतडं उभं चिरून उघडलं तर आतून ते गुळगुळीत नसतं. आधी नुसत्या डोळ्यांना आडव्या घड्या दिसतात. सतराव्या शतकातल्या थिओडोर केर्करिंग यांचं नाव त्यांना मिळालं आहे. घडीवर बोट फिरवलं तर मखमलीसारखं लागतं. ही मखमल म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे, प्रत्येक अर्धा ते एक मिलिमीटर उंच. त्यांना व्हिलाय म्हणतात, आपण अंकुर म्हणू. प्रत्येक अंकुरात केशवाहिन्यांचं जाळं आणि मधोमध एक लसिकावाहिनी, म्हणजे असेलींच्या पांढऱ्या दोरीचं उगमस्थान. अंकुरांच्या बुडाशी, दोन अंकुरांच्या मधल्या जागेत, खोल खळगे असतात. त्यांना बर्लिनच्या योहान लिबरक्यून यांचं नाव आहे. त्यांनी १७४५ मध्ये या अंकुरांवर ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शक स्वतः बनवणारा आणि वाहिन्यांत रंगीत मेण भरून नमुने तयार करणारा हा हातचा कसबी माणूस. पण त्यांनाही अंकुराच्या टोकाला एक छिद्र 'दिसलं'. अन्नरस आत जातो ना, मग भोक असणारच! असं छिद्र मुळात नाही. पण नंतरच्याही काही निरीक्षकांना ते दिसत राहिलं.

हे का होतं? डोळा वाईट असतो म्हणून नाही. मनात गाळणी असली, की डोळा भोकं शोधतो. १८३७ मध्ये याकोब हेन्ले यांनी दाखवलं, की अंकुरावर पेशींचं सलग आवरण असतं, त्याला कुठेही भोक नाही. मग काय झालं? भोकं आणखी बारीक झाली, एवढंच! प्रत्येक पेशीच्या आतड्याकडच्या कडेला एक रेघारेघांची पट्टी दिसे. १८५५ मध्ये केलिकर यांनी अर्थ लावला, की या रेघा म्हणजे सूक्ष्म नळ्या आहेत, चरबी जायला ठेवलेल्या. इतर काहींनी म्हटलं, नळ्या नाहीत, काड्या आहेत. हा वाद जवळजवळ शंभर वर्षं तसाच पडून राहिला, कारण साध्या सूक्ष्मदर्शकाची ताकदच तिथे संपत होती. १९५० मध्ये ग्रेंजर आणि बेकर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती पट्टी पाहिली, तेव्हा निकाल लागला. भोकं नव्हतीच. होती ती अंकुरांवरची अंकुरं: प्रत्येक पेशीच्या माथ्यावर दाटीने उभे, जेमतेम एक मायक्रोमीटर उंचीचे हजारो केस. ब्रशसारखे दिसतात म्हणून त्यांना ब्रश बॉर्डर म्हणतात.

घड्या, घड्यांवर अंकुर, अंकुरांवर पेशींचे केस. पृष्ठभाग वाढवायची ही तिहेरी युक्ती. शाळेच्या पुस्तकात तुम्ही वाचलं असेल, की हे सगळं पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल. ते विसरा. २०१४ मध्ये स्वीडनच्या हेलांडर आणि फेंड्रिक्स यांनी नीट मोजणी केली. मोठ्या आतड्यासकट सगळा हिशेब सुमारे ३२ चौरस मीटर आला, त्यातला मोठ्या आतड्याचा वाटा साधारण २ चौरस मीटर. म्हणजे अर्धं बॅडमिंटन कोर्ट. मला हा आकडा जास्त आवडतो. मुंबईतल्या छोट्या वन-रूम-किचनएवढा पृष्ठभाग पोटात मावतो, हे काय कमी आहे?

पण पृष्ठभाग मोठा, एवढं सांगून 'कसं शोषलं जातं' याचं उत्तर मिळत नाही. मोठी गाळणीही गाळणीच. ब्रेस्लाऊच्या रुडोल्फ हायडेनहाइन यांनी १८९४ मध्ये कुत्र्याच्या आतड्याच्या बंद केलेल्या तुकड्यात त्याच कुत्र्याच्या रक्ताचा द्रवभाग, म्हणजे सीरम, घातला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच द्रव. नुसत्या भौतिकीच्या नियमाने काहीच हलायला नको. तरीही आतड्याने तो द्रव शोषून घेतला. म्हणजे भिंत काहीतरी करते. नुसती मध्ये उभी नाही.

दुसरा पुरावा मला अधिक सुंदर वाटतो. कार्ल कोरी यांनी १९२५ मध्ये उंदरांना वेगवेगळ्या साखरा पाजून, कोणती किती वेगाने शोषली जाते ते मोजलं. ग्लुकोजचा वेग १०० धरला, तर गॅलॅक्टोजचा ११० आणि मॅनोजचा केवळ १९. आता या तिन्ही साखरांचं रासायनिक सूत्र एकच आहे: सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. आकारही एकच. फरक काय, तर एखाद्या कोपऱ्यावरचा अणुगट इकडे वळलाय की तिकडे. गाळणीला हा फरक कळेल? चहाची गाळणी चहापत्तीचा आकार बघते, तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघत नाही. इथे तर कोण आलंय हे ओळखून आत घेतलं जातंय. उंबरठ्यावर कुणीतरी उभं आहे.

ते कोण, आणि त्याची अट काय, हे पुढच्या साडेतीन दशकांत कळलं. १९५८ मध्ये रिक्लिस आणि क्वास्टेल यांनी दाखवलं, की सोडियम, म्हणजे मिठातला धातू, हजर असेल तरच आतडं ग्लुकोज नीट ओढून घेतं. त्याचा उलगडा १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग इथल्या एका परिषदेत अमेरिकेच्या रॉबर्ट क्रेन यांनी मांडला. ब्रश बॉर्डरमध्ये एक दार आहे. त्यातून ग्लुकोज एकटं जात नाही, सोडियमही एकटं जात नाही, दोघं जोडीनेच जातात. पेशीच्या दुसऱ्या, म्हणजे रक्ताकडच्या बाजूला पंप आहेत. ते सोडियम सतत बाहेर उपसतात, त्यामुळे पेशीत सोडियमची कायम टंचाई असते. म्हणून आतड्यातलं सोडियम आत धाव घेतं आणि ग्लुकोजला हात धरून नेतं. आणि या दोघांच्या मागोमाग पाणी जातं. या दाराचं प्रथिन १९८७ मध्ये प्रत्यक्ष ओळखलं गेलं. आज आपल्याला माहीत आहे, की एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम जातात.

मीठ, साखर आणि पाणी. तुमच्या लक्षात आलं असेल, गोष्ट कुठे चालली आहे ते.

आता पटकी. आपल्याकडे या रोगाची दहशत किती होती, हे सांगायला मरीआईची देवळं पुरेशी आहेत. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नाही. शरीरातलं पाणी दहा-दहा लिटर जुलाबावाटे निघून जायचं, तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. या पाण्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या कणांकडे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांनी बघितलं आणि निष्कर्ष काढला: आतड्याचं अस्तर सोलून निघतंय. शवविच्छेदनातही तेच दिसे, अस्तर गळालेलं. फिर्खो यांच्यासारख्या दिग्गजाचा पाठिंबा या मताला मिळाला. म्हणजे पटकीत उंबरठाच उखडला जातो. मग तोंडाने पाणी देऊन काय उपयोग? फाटक्या कापडात पाणी भरण्यासारखं ते. उलट 'आतड्याला विश्रांती द्या', काही खाऊ-पिऊ घालू नका, असा सल्ला रूढ झाला. आणि मंडळी, हा सल्ला फक्त युरोपातल्या पुस्तकात नव्हता. जुलाब होणाऱ्या लेकराला पाणी तोडायचं, ही समजूत आपल्या घरांतही होती, अजूनही कुठे कुठे आहे. वरून ओतलं की खालून जातं, असंच आजी म्हणायच्या ना?

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य आता आठवा. अस्तर मृत्यूनंतर काही तासांत आपोआप गळतं. डॉक्टर रोगाचा परिणाम बघत नव्हते, मरणाचा परिणाम बघत होते. अर्नेस्ट गुडपास्चर यांनी १९२३ मध्ये मनिला इथे मृत्यूनंतर लगेच तपासण्या केल्या, आणि अस्तर शाबूत असल्याचं नोंदवलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. शेवटचा निकाल १९६० मध्ये आला. बँकॉकमध्ये पटकीची साथ असताना यूजीन गँगरोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांना बारीक नळीला जोडलेली एक छोटी कॅप्सूल गिळायला दिली. तिच्यात बारीक पातं असतं, ते आतड्याच्या अस्तराचा इवलासा तुकडा कापून आणतं. ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. अंकुर जागच्या जागी, पेशींचा थर सलग. कापड फाटलेलंच नव्हतं.

मग पाणी जातं कुठून? याचं उत्तर आदल्याच वर्षी कोलकात्याने दिलं होतं. शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोऱ्याने बांधून त्यात पटकीच्या जंतूंचा गाळून घेतलेला द्रव घातला. द्रवात जंतू एकही नाही, तरी तो भाग पाण्याने टम्म फुगला. म्हणजे जंतू भिंत पोखरत नाहीत, ते एक विष सोडतात आणि त्या विषाच्या हुकमाने अस्तर स्वतःच पाणी बाहेर टाकतं. १९५९ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. डे यांना हयातीत आपल्या देशात म्हणावा तसा मान मिळाला नाही. जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, हे आपल्याला पुष्कळ उशिरा कळलं.

आता रचनेकडे परत या, म्हणजे सगळं जुळेल. पाणी मुख्यतः बाहेर टाकतात ते अंकुरांच्या बुडाचे खळगे. आत ओढून घेतात ते अंकुर. निरोगी माणसात जेवणातलं, लाळेतलं, पाचकरसांतलं मिळून रोज आठ-नऊ लिटर पाणी आतड्यात येतं आणि जवळजवळ सगळं परत शोषलं जातं. पटकीचं विष खळग्यांचे नळ उघडे टाकतं. अंकुरांवरची मीठ शोषणाची एक वाटही ते बंद करतं. पण क्रेन यांचं ते जोडीचं दार? त्याला विष हात लावत नाही. ते उघडंच राहतं. नुसतं पाणी प्याल तर त्याला आत नेणारं कुणी नाही. नुसतं मीठ-पाणी दिलंत तरी फारसा उपयोग नाही. पण मिठाबरोबर साखर द्या, दार चालू होतं.

इथे एक प्रश्न मला नेहमी छळतो. कोलकात्याचेच हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये, म्हणजे क्रेनच्या आधी सात वर्षं, मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने देऊन १८६ रुग्ण बरे केल्याचं 'लॅन्सेट'मध्ये छापलं होतं. एकही दगावला नाही. कुणी लक्ष का दिलं नाही? तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, रुग्ण फार गंभीर नव्हते, हे आक्षेप खरे आहेत. पण मला वाटतं, मुख्य कारण वेगळं आहे. 'फाटलेल्या' आतड्यात पाणी शोषलं जाईल, हे तेव्हाच्या डॉक्टरांच्या मनातल्या चित्रात बसतच नव्हतं. चित्रात न बसणारा पुरावा माणूस नाकारतो असंही नाही. तो त्याला दिसतच नाही. कोलकात्याचा कुणी डॉक्टर सांगतोय, याचाही भाग असेल. मी ते नाकारणार नाही.

आणि नुसतं दार कळून भागत नाही, मापही लागतं. १९६२ मध्ये मनिलात अमेरिकी नौदलाचे डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांनी ग्लुकोज-मिठाचं पाणी देऊन बघितलं. सुरुवातीला आशा दिसली. पुढच्या प्रयोगात द्रावण फार तीव्र होतं, हिशेब चुकला, काही रुग्ण दगावले. फिलिप्स हादरून गेले, काम थांबलं. ते पुन्हा उभं राहायला ढाका आणि कोलकाता इथल्या तरुण डॉक्टरांची फळी लागली. १९६८ मध्ये ढाक्याला डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह दाखवलं, की जितकं पाणी गेलं तितकं मोजून तोंडाने परत देत राहिलं, तर शिरेतून द्यायच्या सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते.

तरीही हे सगळं इस्पितळातलं, प्रशिक्षित परिचारिकांच्या देखरेखीखालचं. खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले, आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. तिथल्या रुग्णालयात जेमतेम १६ खाटा. रुग्ण जमिनीवर, घाणीत पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस गुडघे टेकून त्यांच्या शिरा शोधत होते आणि सलाइनचा साठा संपत चालला होता. त्यांनी ठरवलं, तोंडानेच द्यायचं. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात संस्थेच्या ग्रंथालयाच्या खोलीत माणसं बसून मापं भरत, प्लास्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने चिकटवत. छावणीत ते पिंपात कालवलं जाई आणि आई, बहीण, नवरा, जो कुणी सोबत असेल तो पेल्याने पाजत राही. त्याला नाव दिलं 'ओरल सलाइन', कारण सलाइन म्हणजे जीव वाचवणारं काहीतरी, एवढं लोकांना माहीत होतं. आठेक आठवड्यांत तीन हजारांवर रुग्ण आले. आधी छावणीतल्या शंभरांपैकी तीसच्या आसपास दगावत होते. महालनबीस यांच्याकडे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

त्यांचा निबंध लगेच स्वीकारला गेला नाही. छापून यायला १९७३ उजाडलं. पण जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी छावणी प्रत्यक्ष पाहिली होती. त्यांनी विषय लावून धरला. महालनबीस २०२२ मध्ये गेले, आणि पद्मविभूषण मरणोत्तर २०२३ मध्ये आलं. शेजारच्या बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० नंतर घरोघर गेल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा लिटर पाणी हे माप एक कोटीहून जास्त घरांत हात धरून शिकवून आल्या. गूळ का चालतो? कारण अंकुरांच्या त्या केसांवरच साखर फोडणारी एन्झाइम बसवलेली असतात. उसाची साखर तिथे फुटते, ग्लुकोज सुटतं आणि शेजारच्याच दारातून आत जातं. भाताची मीठ घातलेली पेजही त्याच कारणाने चालते. पेजेतला पिष्टांश हळूहळू फुटत जातो आणि ग्लुकोज थोडं थोडं सुटत राहतं. कोकणातली आजी तापात आणि जुलाबात पेज द्यायची, ते बरोबरच होतं. पाणी तोडणारी आजी मात्र चुकत होती. परंपरेचं असंच असतं, सरसकट बरोबर नाही आणि सरसकट चूकही नाही.

आणखी एक गोष्ट, जी पटकीइतकी नाट्यमय नाही म्हणून मागे पडते. अंकुरांवरच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. खळग्यात जन्मतात, वर सरकत जातात, टोकावरून गळून पडतात. आठवड्यापूर्वीचं अस्तर आज नसतं. (थिसियसच्या जहाजाचा प्रश्न आपण सगळे पोटात घेऊन फिरतो.) म्हणजे अंकुरांची उंची ही एक ताळेबंदाची गोष्ट आहे, रोज किती जन्मतात आणि किती गळतात याची. १९६० च्या दशकात ती कॅप्सूल वापरून आशियात तपासण्या सुरू झाल्या. थायलंडमध्ये, पूर्व पाकिस्तानात, आपल्या वेल्लोरला. काहीही तक्रार नसलेल्या माणसांचेही अंकुर पाश्चात्त्यांच्या पुस्तकातल्यासारखे उंच, बोटांसारखे नव्हते. ते बुटके, पानासारखे रुंद होते. आधी वाटलं, वंशाचा फरक असेल. पण पूर्व पाकिस्तानात येऊन राहिलेल्या तरुण अमेरिकी स्वयंसेवकांचे अंकुरही काही काळाने तसेच बुटके झाले, आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा वाढले. म्हणजे फरक वंशात नव्हता. तो पाण्यात आणि आजूबाजूच्या घाणीत होता.

याचा अर्थ काय होतो ते बघा. वरचेवर दूषित पाणी पिणाऱ्या मुलाच्या पानात तुम्ही पुरेसं अन्न वाढलंत, तरी त्याचा उंबरठाच झिजलेला असू शकतो. कुपोषणाची चर्चा आपण नेहमी ताटाभोवती करतो, आणि ताट रिकामं असतंच, त्याबद्दल वाद नाही. पण नळाचं पाणी आणि संडास हेही आहाराचेच विषय आहेत, हे या बुटक्या अंकुरांनी साठ वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे.

व्याख्यानानंतर विचारला जाणारा एक प्रश्न आधीच घेतो, कारण तो नेहमी येतो: पाकीट किती पाण्यात घालायचं? बरेच जण एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवतात, घट्ट म्हणजे जास्त ताकदीचं अशा समजुतीने. हे करू नका. साखर दारापेक्षा जास्त झाली, की ती आतड्यातच साठते आणि शरीरातलं पाणी उलट बाहेर ओढते. जुलाब वाढतात. मनिलातली दुर्घटना अशाच तीव्र द्रावणाची होती. म्हणूनच २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आधीचं सूत्रही पातळ केलं. आता लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ग्लुकोज व सोडियम यांचं प्रमाण एकास एक. पाकीट दोनशे मिलिलिटरचंही मिळतं, एक लिटरचंही. वाचून घ्या, आणि लिहिलं असेल तेवढंच पाणी मोजून घाला. कालवलेलं चोवीस तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या. दुकानात तसंच काहीसं नाव लावून मिळणारी गोड पेयं त्याऐवजी देऊ नका. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करा. अंगावरचं दूध आणि जेवण तोडायचं नाही. मूल सुस्त पडलं, पिईनासं झालं किंवा शौचावाटे रक्त गेलं, तर घरी थांबू नका, डॉक्टरकडे न्या.